भेगेवरच्या तीन पट्ट्या

"टिकेल का?" हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो. विहिरीच्या काठावर, तळघराच्या पायरीवर, खाणीच्या तोंडाशी, जिथं म्हणून डोक्यावर दगड आहे तिथं माणसं मला घेऊन जातात, वर बोट करतात आणि विचारतात. सगळ्यांना उत्तर एका शब्दात हवं असतं. आमच्या धंद्यात एका शब्दाचं उत्तर नसतं हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. आता कुणी विचारलं की मी आधी खाली बसतो, पाणी मागतो आणि मग वर बघतो. लोकांना वाटतं मिस्त्री विचार करतोय. मी नुसता दमलेला असतो.

आमचं घर उचगावचं. आजोबा, अब्बा आणि मी, तिघंही दगडातले. विहिरी खोदणं हे आमचं पोटाचं काम. पण अब्बांची ख्याती वेगळीच होती. डोंगर पोखरून केलेलं भुयार असो, लेणं असो, आत शिरून वरचा खडक धरून आहे की सुटलाय हे ते सांगत. कोल्हापुरापासून पन्हाळ्यापर्यंत असलं काही निघालं की बोलावणं आमच्याच दाराशी यायचं. अब्बा गेले, आणि त्यांच्या लोखंडी पहारीबरोबर ही ख्यातीही माझ्या खांद्यावर आली. पहार परवडली.

काम तसं बघायला काहीच नाही. पहारीच्या बुडानं छत ठोकत जायचं. खडक अखंड असेल तर खणखणीत वाजतो. आत फट धरून वरचा थर सुटला असेल तर बद्द वाजतो. मग भेगा बघायच्या. भेगेच्या कडा काळ्या, जुनाट असतील, कोळ्यांनी जाळी धरली असतील, तर भेग आजोबांच्या वेळची समजायची. कडा उजळ असतील, खाली बारीक भुकटी पडली असेल, तर ती कालची. आणि जिथं काहीच ठरवता येत नाही, म्हणजे बहुतेक सगळीकडं, तिथं भेगेवर चुन्याची आडवी पट्टी लावायची. हातभर लांब, चार बोटं रुंद. चुना ताठ असतो, त्याला ताणलेलं सोसत नाही. खडक केसभर जरी हलला तरी पट्टीला तडा जातो. अब्बा तिला साक्षीदार म्हणायचे. ओल्या पट्टीवर ते आपला अंगठा दाबून ठेवायचे, म्हणजे ती आपलीच हे पुढच्या खेपेला कळावं. मीही दाबतो.

अब्बांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. पट्टी कशासाठी लावली हे तिथं राहणाऱ्या माणसांना सांगायचं नाही. "माणसाला भेग दाखवली," ते म्हणायचे, "की त्याचं जेवण गेलं, झोप गेली. बघायचं काम आपलं. त्यांना कशाला भ्या घालायचं?" मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंही होतं, कारण सांगायला बसलं की शंभर प्रश्न येतात.

कोल्हापूरचे महाराज गादीवर येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. प्लेग आपल्याकडं शिरला होता. घरात उंदीर पडू लागले की अख्खं गाव उठून रानात जायचं, कडब्याच्या खोपी घालून राहायचं. त्या साली पन्हाळ्याच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात भर पावसाळ्यात उंदीर पडले. खोपी गळायला लागल्या. खाली चिखल, वर पाणी, लेकरं खोकायला लागली. गावाच्या वर, चढणीला, एक जुनं लेणं होतं. पुढं ओसरी, आत एवढा मोठा दालनासारखा पोकळ डोंगर की दोनशे माणसं जेवायला बसावीत. मधे चार खांब. गावकऱ्यांनी अर्ज केला की आम्हाला तिथं राहू द्या. कचेरीतून एक कारकून माझ्याकडं आला आणि त्यानं विचारलं तेच. टिकेल का?

श्रावणाच्या तोंडाला मी गेलो. दोन दिवस ठोकत होतो. मान वर करून करून मानेचा काटा ढिला झाला. खडक काळा, घट्ट, बहुतेक ठिकाणी घंटेसारखा वाजणारा. पण मागच्या भिंतीत खांद्याइतक्या उंचीवरून एक भेग निघाली होती, ती वर चढून छतातून आडवी जात दुसऱ्या खांबापर्यंत आली होती. तिच्या अलीकडं हातभर जागा बद्द वाजत होती. कडा काळ्या होत्या. चाकूचं टोक घालून बघितलं, शिरलं नाही.

मी वर बघत होतो तेव्हा मागं एक म्हातारी येऊन उभी राहिली. कुणब्याची, वाळलेली, कमरेला तंबाखूची चंची. लेण्यात जागा धरायला ती सगळ्यांच्या आधी आली होती.

"पावणं, कोन तुमी? आन वर काय बगतासा?"

"दगूड बगतोय, आजी."

"दगडात काय बगायचं? आमच्या सासऱ्याच्या सासऱ्यापासनं हाय तिथंच हाय की."

मी हसलो. तिचं म्हणणं अगदीच खुळेपणाचं नव्हतं. काळ्या कडांवरून मीही तेच म्हणत होतो, फक्त जास्त शब्दांत.

इकडं आड तिकडं विहीर होती. नाही म्हणावं तर खोपीत माणसं भिजून मरणार. हो म्हणावं तर ती बद्द वाजणारी जागा माझ्या डोक्यात वाजत राहणार. शेवटी मी कारकुनाला सांगितलं, राहू द्या, पण मी दर आठ दिवसांनी येऊन बघीन. भेगेवर तीन पट्ट्या लावल्या. दोन वर छताला, शिडी लावून. एक मागच्या भिंतीवर, जिथं म्हातारीनं आपली चूल मांडली होती तिथंच, हाताला येईल अशी. तिन्हीवर अंगठा दाबला. म्हातारी बघत होती.

"ह्ये कशापायी?"

"असू दे, आजी. दगडाला मलम." मी एवढंच बोललो. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

मग सुरू झाली माझी पायपीट. उचगाव ते डोंगर, सकाळी निघायचं, संध्याकाळी पोचायचं, रात्र लेण्यात काढायची, दुसऱ्या दिवशी परत. पहार खांद्यावर, डोक्यावर घोंगडं, वाटेत गुडघाभर चिखल. चार खेपा झाल्या. चारही वेळा पट्ट्या शाबूत. लेण्यात तर एक गावच नांदत होतं. अठरा चुली. प्रत्येकीनं आपापली जागा दगडांची ओळ लावून आखून घेतली होती आणि त्या ओळीवरून भांडणंही होत होती, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. म्हातारी मला तिच्या चुलीशी बसवून भाकरी आणि झुणका द्यायची आणि माझ्या पायांची चेष्टा करायची. "मिस्त्री, तुमी दगूड बगायला येतासा का चिखूल वाहायला?" तिचा लेक गप्प बसणारा, शेतात राबून आलेला. तो हसायचा. आठ दिवसांत मला कुणी 'टिकेल का' विचारत नाही असं तेवढंच एक ठिकाण होतं.

भादव्यात माझ्या बायकोला ताप भरला. त्या दिवसांत ताप म्हणजे काय वाटायचं हे आता सांगून कळायचं नाही. मी तिच्या काखेत, जांघेत गाठ चाचपत बसायचो, दिवसातून दहादा. गाठ आली नाही. साधाच ताप होता, पण उतरायला महिना लागला. पाच आठवडे मी डोंगराकडं फिरकलो नाही. निरोप मात्र धाडला होता, की घरात आजारी माणूस आहे, येता येत नाही. पट्ट्यांकडं लक्ष ठेवा, असं त्या निरोपात घालता आलं असतं. घातलं नाही.

मी गेलो तेव्हा नवरात्राची तिसरी माळ होती. हस्ताचा पाऊस असा लागला होता की समोरचा माणूस दिसत नव्हता. लेण्यात पाय टाकला आणि बघतच राहिलो. घट बसायच्या आधी आपल्याकडं बायका घर सारवतात, रंगवतात, चिंधी न्‌ चिंधी धुवायला काढतात. या बायांनी तेच केलं होतं. लेणं झालं म्हणून काय झालं, घर ते घर. अख्खी जमीन शेणानं सारवलेली. भिंतींना पुरुषभर उंचीपर्यंत पांढऱ्या मातीचा हात. माझीच शिडी लावून गड्यांनी खांबही रंगवले होते. लेण्यात उजेड पडल्यासारखं झालं होतं. मला बरं वाटलं. वर बघितलं, दोन्ही पट्ट्या पांढऱ्याशुभ्र, कुठं तडा नाही. भिंतीवरची बघितली, तीही अखंड. सुटलो एकदाचा, म्हणून मी चुलीपाशी बसलो.

भाकरी खाता खाता नजर पुन्हा त्या पट्टीवर गेली. अंगठा नव्हता.

जवळ जाऊन बघितलं. पट्टीवर सारवणाला बोटं फिरवतात तशी चार बोटांची अर्धगोल ओळ उमटली होती. ही माझी पट्टी नव्हती.

"आजी, हितं कुनी हात लावला?"

म्हातारी जरा ओशाळली. मग जवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "मिस्त्री, राग मानू नगासा, पर तुमचं काम कच्चं हाय बगा. तीनदा फुटलं. भादव्यात पयल्यांदा फुटलं तवा त्यो कचेरीतला कारकून यायचा हुता. म्हटलं, मिस्त्री बोलणी खातील. घरात आजारी मानूस, त्यात आनि ह्यो ताप कशाला? मग म्याच लिपलं. चंचीतला चुना घातला आन पांढरी माती."

"आनि वरच्या?"

"वरच्या बी फुटल्यात्या. लेकाला शिडीवर चढीवलं."

"कुनाला सांगितलं न्हाईसा?"

"सांगायचं काय त्यात? मानसाची लाज राखायची असती."

मी भाकरी खाली ठेवली. तिच्यावर रागवायला तोंड उघडलं, पण दगडाला मलम म्हणून मीच सांगितलं होतं. मलम निघालं तर माणूस परत लावणारच. पहिल्यांदा पट्टी फुटली तेव्हा भादव्यातली उघडीप होती. तेव्हा कुणी निरोप धाडला असता, तर बायकोला शेजारणीवर सोपवून मी आलो असतो, कोरड्या रानात नीट खोपी घालून सगळ्यांना हलवलं असतं. आता बाहेर हस्त कोसळत होता.

शिडी लावून वर चढलो, छतावरच्या दोन्ही पट्ट्या सुतकीनं, म्हणजे दगडफोडीच्या हातोडीनं, उडवल्या. चाकू घातला. श्रावणात ज्या भेगेत टोक शिरत नव्हतं त्या भेगेत पातं दोन बोटं आत गेलं. आतून पाणी ठिबकत होतं. पहारीनं ठोकलं. बद्द जागा हातभराची होती ती आता चार चुलींवर पसरली होती.

खाली उतरून मी म्हणालो, "सगळ्यांनी आत्ता बाहेर पडायचं." पुढं जो गोंधळ झाला तो सांगत बसत नाही. बायका ओरडल्या, गडी अंगावर आले. आगीतून फुफाट्यात घालतोस का, म्हणाले. पाच आठवडे तोंड दाखवलं नाहीस आणि आता ऐन सणात घर मोडायला आलास, म्हणाले. खरंच होतं. मी एकेकाला शिडीवर चढवून चाकू आत घालायला लावला. त्यानं काम झालं. भेग मी शेवटी दाखवलीच, पण उशिरा. चुली विझल्या, बोचकी बांधली, माणसं लेकरांना घोंगड्यात गुंडाळून खालच्या रानाकडं उतरू लागली. म्हातारीचा लेक सून आणि नातवंडं घेऊन गेला.

म्हातारी हलली नाही. मागच्या भिंतीशी, भेगेच्या बरोबर खाली, तिनं घट मांडला होता. पत्रावळीवर माती, मातीत सात धान्यं, मधे घट, वर तिसरी माळ. कोवळे पिवळे कोंब नखाएवढे वर आले होते.

"घट बसलाय. दसऱ्यापातूर हलवायचा न्हाय," ती म्हणाली. "तुमी जावा."

"आजी, वरनं दगूड सुटलाय."

"देवीच्या मनात असंल तर पडंल."

लेक परत आला, हात धरून ओढू लागला, तिनं हात झटकला. आता घट म्हणजे काय आणि तो हलवू नये म्हणजे काय हे मला कळत नाही असं नाही. आमच्या गल्लीत हिंदू-मुसलमान दोन्ही घरांचे सण सगळ्यांना पाठ असतात. देवीबद्दल मी बोलणं शोभणार नव्हतं. मी पहार भिंतीला लावली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलो.

"तुमी का बसलासा?"

"पट्टी माझी हाय. पडलं तर माझ्या बी डोक्यात पडू दे."

मी नाटक करत नव्हतो. उठायचं त्राण नव्हतं. महिनाभराचं जागरण, दिवसभराची चाल, आणि वर ते ठिबकणारं पाणी. खरंच वाटलं, पडू दे एकदा. निदान कुणी पुन्हा विचारणार तरी नाही.

"घरात बायकू आजारी हाय न्हवं तुमची?"

"हाय. बरी व्हायला लागलीया."

तिनं माझ्याकडं बघितलं. वर बघितलं. पुन्हा माझ्याकडं बघितलं. मग पदर खोचला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली. "लई हट्टी मानूस हाईसा," ती म्हणाली. देवीसमोर तिनं कान धरले, काहीतरी पुटपुटली, आणि पत्रावळीखाली फळी सरकवून घट दोन्ही हातांनी उचलला. देवीपायी ती मरायला तयार होती, पण परक्या माणसाला आपल्यापायी बसवून ठेवायला नव्हती.

बाहेर पडताना तिनं डोक्यावरचं घोंगडं काढलं आणि घटावर घातलं. मी माझं घोंगडं तिच्या खांद्यावर टाकलं, तेही तिनं घटावरच ओढलं. ती उतरण आम्ही तिघांनी अर्ध्या तासात उतरली असेल. कोंबांना थेंब लागला नाही. म्हातारी मात्र लुगड्यासकट नखशिखांत भिजली होती.

कडब्याच्या गळक्या खोपीत तिला दुसऱ्या दिवशी थंडी वाजून आली. छातीत कफ भरला. प्लेग नव्हता. खंडेनवमीच्या सकाळी ती गेली. घरात सुतक आलं, म्हणून घट शेजाऱ्यांनी उठवला.

आणि लेणं पडलं नाही. त्या हस्तात नाही, त्या साली नाही, पुढच्या साली नाही. मला कळतं काय झालं असेल ते. पाऊस सरला, भेगेतलं पाणी निथळलं, खडकावरचा जोर गेला आणि तो पुन्हा आपल्या जागी बसून राहिला. अशी लेणी शंभर वर्षं तशीच राहतात किंवा शिंकलं तरी पडतात. हे मी कचेरीत सांगितलं, त्यांनी माना हलवल्या आणि लेण्याच्या तोंडाला काट्यांचा बांध घालून ते बंद केलं. गावात कुणी माना हलवल्या नाहीत. फाल्गुनात म्हातारीचा लेक मला पन्हाळ्याच्या बाजारात भेटला. शांत माणूस, शांतपणेच बोलला. "मिस्त्री, टिकलं की वो तुमचं लेणं. आय तेवढी न्हाय टिकली."

तेव्हापासून पट्टी लावली की मी घरातल्या बाईला हाक मारतो, बोट धरून भेग दाखवतो आणि सांगतो, हे फुटलं तर लिंपू नका, मला बोलवा, मी मेलो असलो तर तुम्ही बाहेर पडा. त्यांचं जेवण जातं. जाऊ दे. अब्बांचं ऐकून आणि स्वतःचा आळस करून मी जे केलं ते पुन्हा व्हायचं नाही, एवढंच माझ्या हातात उरलं.

दर साली हस्त संपला की मी त्या डोंगरावर जातो. काटे बाजूला सारायचे, आत जायचं, मागच्या भिंतीवरची म्हातारीची पट्टी बघायची. तिची पट्टी मी त्या दिवशी उडवली नव्हती, नंतर हात धजला नाही. चंचीतला चुना आणि पांढरी माती, वर चार बोटं. पंधरा वर्षं ती अखंड राहिली. मनातलं सांगायचं तर पंधरा वर्षं मी ती फुटलेली बघायलाच जात होतो. एक तडा दिसला असता तर मी बरोबर होतो असं झालं असतं. एका म्हातारीला पावसात काढण्याला काही कारण होतं असं झालं असतं. डोंगर पडावा अशी इच्छा धरून मी चढ चढायचो, आणि पट्टी शाबूत बघून मान खाली घालून उतरायचो. याची मला लाज वाटते.

यंदा गुडघे इतके दुखत होते की दोनदा वाटेत बसलो. जाऊन बघतो तर पट्टीला तडा होता. बोटांच्या ओळींना आडवा, वरपासून खालपर्यंत, केसाएवढा. कडा उजळ. नवा तडा. सुतकीनं वर ठोकून बघितलं, बद्द.

मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. लेण्यात कुणी नव्हतं, बाहेर काटे होते, आणि उद्या कचेरीत जाऊन बंदच ठेवा म्हणून सांगायचं होतंच, तसं मी सांगितलंही. पण त्याआधी मी पिशवीतला चुना काढला, तांब्यातलं पाणी घातलं, हातानंच कालवला, आणि म्हातारीच्या बोटांच्या ओळी मोडणार नाहीत अशा बेतानं तो तडा लिंपून टाकला.